काटोल: जमीन, पाणी आणि संत्र्याचं गाव

नागपूरला 'ऑरेंज सिटी' म्हणतात, पण शहरात संत्रा पिकत नाही. तो इथे येतो, कळमन्याच्या बाजारात उतरतो, ढिगांनी विकला जातो आणि पुढच्या गाड्यांत चढून निघून जातो. पिकतो तो शहराच्या पश्चिमेला आणि वायव्येला: काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेरच्या पट्ट्यात, आणि वर्धा नदी ओलांडली की वरुड-मोर्शीत. या पट्ट्यातलं नागपूरकरांच्या ओळखीचं गाव म्हणजे काटोल. काटोल नाक्यावरून फेटरी मागे टाकून निघालं की साठेक किलोमीटरवर, जाम नदीच्या काठी वसलेलं, 2011 च्या जनगणनेत चाळीस हजारांवर वस्ती असलेलं तालुक्याचं गाव. शहर म्हणावं तर चार रस्ते ओलांडले की वावरं सुरू होतात. खेडं म्हणावं तर नगरपरिषद आहे, तहसील आहे, न्यायालय आहे, बाजार समिती आहे, दिल्ली-चेन्नई मार्गावरचं रेल्वे स्टेशन आहे.

अशा गावांबद्दल आपण फार कमी लिहितो. मोठ्या शहरांचे इतिहास निघतात, अगदी लहान खेड्यांवर समाजशास्त्रज्ञ अभ्यास करतात, पण ज्या गावात शेतकरी बँकेत येतो, बियाणं घेतो, माल विकतो, पोराला कॉलेजात घालतो, ते मधलं गाव कुणाच्याच नजरेत भरत नाही. विदर्भातल्या शेतीचं काय चाललंय हे कळायचं असेल तर ते अशाच गावात कळतं, म्हणून काटोल जरा नीट समजून घेऊ.

पश्चिमेला संत्रा, पूर्वेला धान

नागपूर जिल्ह्याचा नकाशा पुढ्यात घेतला की एक गोष्ट लगेच दिसते. रामटेक, मौदा, कुही, भिवापूर या पूर्वेच्या भागात धान होतो, भिवापुरात मिरची होते. पश्चिमेला काटोल-नरखेडात कापूस, तूर, सोयाबीन आणि संत्रा. जिल्हा एकच, पावसातही आभाळ-जमिनीचा फरक नाही, मग पिकं इतकी वेगळी का?

उत्तर पायाखाली आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर पसरून दख्खनचा काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, तयार झाला. त्या दगडाची पूर्वेकडची कड नागपुराजवळ येऊन संपते. सीताबर्डीची टेकडी याच काळ्या दगडाची. तिथून पश्चिमेला काटोलकडे सगळा बेसाल्ट, आणि पूर्वेला फार जुना, वेगळ्याच जातीचा खडक. बेसाल्ट झिजून काळी माती होते आणि तिच्या खाली मुरूम लागतो. काळी माती ओल धरते, मुरूम जास्तीचं पाणी खाली सोडतो. संत्र्याच्या झाडाला हेच दोन्ही हवं असतं. त्याच्या मुळांना ओल लागते, पण पाणी साचलं की ती सडतात. म्हणून काटोलातही सगळ्या जमिनी संत्र्याला चालत नाहीत. नदीकाठची फार भारी, चिकण काळी जमीन कापसा-गव्हाला उत्तम, पण संत्र्याला घातक. चुनखडीची जमीन असली की झाडाला लोह आणि जस्त मिळत नाही, पानं पिवळी पडतात, फक्त शिरा हिरव्या राहतात. जाणता शेतकरी लागवडीआधी दोन-तीन फूट खड्डा खणून खाली काय लागतं ते पाहतो. पुढची वीस-पंचवीस वर्षं त्या एका खड्ड्यात ठरतात.

आधी कापूस होता

काटोल जुनं आहे. महाभारतातल्या चंद्रहास राजाची नगरी कुंतलापूर ती हीच, असं गावात सांगतात. इतिहासाच्या पक्क्या जमिनीवर यायचं तर हा मुलूख देवगडच्या गोंड राजांचा. त्यांच्यातल्या बख्त बुलंद शाहाने 1702 च्या सुमारास नागपूर वसवलं. अठराव्या शतकाच्या मध्याला राज्य भोसल्यांकडे आलं, 1853 मध्ये इंग्रजांनी ते खालसा केलं, आणि 1861 मध्ये मध्य प्रांत तयार झाला. इंग्रजी काळातल्या गॅझेटिअरमध्ये काटोलच्या पडक्या किल्ल्याची आणि कोरीव कामाच्या एका फार जुन्या दगडी मंदिराची नोंद आहे. पण कलेक्टर मंडळींना गावात खरा रस होता तो दुसऱ्याच गोष्टीत. काटोल ही कापसाची मोठी बाजारपेठ होती.

1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध चाललं. तिकडचा कापूस मँचेस्टरला मिळेना, आणि वऱ्हाड-नागपूरच्या कापसाला एकदम सोन्याचा भाव आला. 1867 मध्ये रेल्वे नागपुरात पोचली. 1877 मध्ये जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. मधल्या या पंधरा-सोळा वर्षांत या भागातल्या शेतकऱ्याचं जगणं बदललं. घरच्या खाण्यासाठी ज्वारी आणि थोडा कापूस पेरणारा माणूस विकण्यासाठी कापूस पेरू लागला. कापूस जिनिंगमध्ये जातो, तिथे सरकी वेगळी होते, मग प्रेसमध्ये गाठी बांधतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काटोलात जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने चालत होते. दिवाळीनंतर बैलगाड्यांच्या रांगा लागायच्या. गावात पैसा खेळायचा, अडत्ये आले, सावकार आले, मारवाडी-गुजराती व्यापारी स्थायिक झाले. नागपूर-इटारसी रेल्वेमार्ग 1920 च्या दशकात पूर्ण झाला आणि काटोल, नरखेड थेट मोठ्या लाइनीवर आले.

या कापसाने गावाला एक सवय लावली आणि ती पुढे कधी सुटली नाही. आपण पिकवायचं, भाव मात्र आपण कधीही न पाहिलेल्या ठिकाणी ठरायचा. आधी मँचेस्टर, मग मुंबई, 1972 नंतर राज्य सरकारची एकाधिकार कापूस खरेदी, आणि आता आंतरराष्ट्रीय बाजार. काटोलचा माणूस सकाळी चहाच्या टपरीवर बसून बांगलादेशच्या संत्र्यावरच्या आयात शुल्कावर बोलतो तेव्हा बाहेरच्यांना नवल वाटतं. त्याच्या पणज्याच्या पिढीत हीच बोलणी लिव्हरपूलच्या भावावर होत असतील.

जमीन कुणाकडे होती हेही थोडं सांगायला हवं. मध्य प्रांतात मालगुजारी होती. गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणारा मालगुजार हाच गावाचा मालक ठरला. मोठ्या ओलिताच्या जमिनी, बांधीव विहिरी, आमराया याच घराण्यांच्या. 1951 मध्ये मालगुजारी संपली आणि कास्तकार आपापल्या जमिनीचे मालक झाले. संत्र्याच्या पुढच्या गोष्टीत हे महत्त्वाचं आहे, कारण फळबाग लावायला आधी विहीर लागते आणि विहीर त्या काळी मोजक्यांकडे होती. ती सर्वसाधारण कास्तकाराकडे आली कर्ज आणि वीज आल्यावर. इंजिनं आली, मग मोटारपंप आले, आणि बगीचे वाढत गेले.

संत्रा कसा आला आणि का टिकला

रघूजी भोसल्यांनी औरंगाबादकडून संत्र्याची झाडं आणून नागपुरात आपल्या बागेत लावली, अशी परंपरेने चालत आलेली हकीकत आहे. राजवाड्याच्या बागेतला संत्रा पश्चिमेच्या बेसाल्टच्या जमिनीत गेला आणि तिथे त्याला घर मिळालं. इथली दिवस-रात्रीच्या तापमानातली तफावत, कोरडी थंडी आणि निचऱ्याची जमीन यांमुळे त्याला ती खास आंबट-गोड चव येते, साल सैल राहते आणि हाताने सहज सुटते. 2014 मध्ये नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

पण राजाने आणलं म्हणून शेतकरी दीडशे-दोनशे वर्षं एखादं पीक धरून बसत नाही. तो हिशेब करतो. कापूस दर वर्षी पेरावा लागतो, दर वर्षी बी-खत-फवारणीचा खर्च, आणि दर वर्षी भावाचा जुगार. संत्र्याचं झाड एकदा लागलं की वीस-पंचवीस वर्षं फळ देतं. सहा बाय सहा मीटरवर लावलं तर हेक्टरी 277 झाडं बसतात. चांगला बहार आला तर एका बगीच्यातून मुलीचं लग्न निघतं, पोराची इंजिनीअरिंगची फी निघते. या भागात घराची पत बगीच्यावरून मोजतात. सोयरीक जुळवायला आलेला पाहुणा 'ओलीत किती, झाडं किती' हे विचारल्याशिवाय परत जात नाही.

खोट पहिल्या पाच-सहा वर्षांत आहे. तोवर झाड फक्त खातं, देत काही नाही. मधल्या पट्ट्यात सोयाबीन, हरभरा, भाजीपाला घेऊन शेतकरी दिवस काढतो. आणि एकदा बाग लावली की मागे फिरता येत नाही. कापसाचा भाव पडला तर पुढच्या वर्षी तूर पेरता येते. संत्र्याचा पडला तर पंधरा वर्षांचं झाड तोडायचं का, हा प्रश्न उरतो. काटोलच्या माणसाचा सावधपणा, दहा जणांना विचारून मग निर्णय घेण्याची सवय, आणि घेतलेल्या निर्णयाला चिकटून राहणं, हे सगळं मला या झाडाच्या आयुष्याशी जोडलेलं दिसतं.

बहार धरणं म्हणजे काय

हा भाग सगळ्यात अवघड आणि सगळ्यात देखणा आहे, म्हणून इथे जरा थांबू.

संत्र्याचं झाड आपल्या हवामानात मनाला येईल तेव्हा फुलतं. जानेवारीत थोडं, जूनमध्ये थोडं, मध्येच आणखी थोडं. अशी तुरळक फळं विकायला परवडत नाहीत. सगळं झाड एकाच वेळी फुलावं यासाठी शेतकरी त्याचं पाणी तोडतो. याला ताण देणं म्हणतात. डिसेंबरात ओलीत बंद करतात. हलक्या-मध्यम जमिनीत महिना-सव्वा महिना, भारी जमिनीत दीड-दोन महिने झाडाला पाणी नाही. पानं निस्तेज होतात, कडा आत वळतात, काही गळून पडतात. नवखा माणूस बगीचा पाहून घाबरतो, झाड मेलं की काय! पण आत वेगळंच चाललेलं असतं. नवी पानं काढणं थांबलेलं असतं, त्यामुळे पानांनी तयार केलेलं अन्न फांद्यांत साठत जातं. मग जानेवारीत आळी खणतात, शेणखत देतात आणि पाणी सोडतात. आधी हलकं, मग काही दिवसांनी भरपूर. साठवलेला सगळा जोर फुलांत जातो, आणि जानेवारी-फेब्रुवारीत, आंब्याला मोहोर येतो त्याच सुमारास, बगीचा पांढरा होतो. हा आंबिया बहार. त्याची फळं ऑक्टोबर ते डिसेंबरात तुटतात.

दुसरा मृग बहार. त्यात ताण मे महिन्याच्या उन्हात बसतो आणि तो तोडतो पाऊस. मृगाच्या सरी आल्या की झाड फुलतं आणि फळ फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला तयार होतं.

कोणता धरायचा? इथे पाण्याचा हिशेब सुरू होतो. आंबियाचं फळ एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात झाडावर असतं. नागपूरचा पारा 45 अंशांवर जातो तेव्हा बोराएवढं फळ तगवायचं तर विहिरीला पाणी हवं. मोठ्या झाडाला ठिबकनेही दिवसाला शंभर लिटरच्या वर लागतं. हेक्टरभर बागेला म्हणजे रोज 28 हजार लिटरच्या आसपास, आणि तेही विहिरी तळाला गेलेल्या असताना. मृगात ही ओढाताण कमी, कारण भर उन्हाळ्यात झाड रिकामं असतं. पण मृग आभाळावर अवलंबून. मे महिन्यातच वळवाचा पाऊस पडला तर ताण अर्धवट तुटतो, पाऊस जुलैवर गेला तर ताण लांबून झाड खंगतं. दोन्ही वेळा फुलाऐवजी नुसती पालवी फुटते, जिला इथे नवती म्हणतात. आंबियालाही हेच भय आहे. जानेवारीत अवकाळी पाऊस पडला की वर्षाचा बहार हातचा गेला. आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट झाली की झाडावरचा फुलोराही गेला आणि मृगाचं तयार फळही. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट राज्यातले शेतकरी विसरलेले नाहीत.

बहार आला तरी फळ हाती येईपर्यंत गळ सुरूच असते. फुलातून फळ धरताना थोडी, मेच्या उन्हात थोडी, आणि ऑगस्ट-सप्टेंबरात पाऊस लागून राहिला की सगळ्यात दुखरी. तोवर फळ लिंबाहून मोठं झालेलं असतं, खर्च सगळा झालेला असतो, आणि झाडाखाली पिवळट हिरव्या फळांचा सडा पडतो. जमीन आठ-दहा दिवस चिबड राहिली की मुळांवर बुरशी चढते, बुंध्याची साल फुटून डिंक वाहतो. डिंक्या म्हणतात त्या रोगाला. शेतकरी साल खरवडून बोर्डो मलम लावतो, वाळलेल्या फांद्या म्हणजे सल काढतो, पाण्याला चर काढून देतो. त्यातली बरीच कामं पावसाच्या तोंडावरच, मजूर मिळत नसताना करावी लागतात.

काटोलला अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं फळ संशोधन केंद्र आहे, आणि नागपुरात अमरावती रस्त्यावर लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था 1985 पासून आहे. रोगमुक्त कलमं, कमी बियांच्या जाती, गादीवाफ्यावरची लागवड, ठिबकमधून खत ही कामं तिथे चालतात. जुना शेतकरी आधी हसतो, शेजाऱ्याच्या बागेत फरक दिसला की मग चौकशीला जातो. त्यात मला काही वावगं वाटत नाही. पंचवीस वर्षांची जबाबदारी घेणाऱ्याने डोळ्यांनी पाहिल्याशिवाय विश्वास ठेवू नये.

सौदा

तयार झालेलं फळ शेतकरी बहुधा स्वतः बाजारात नेत नाही. व्यापारी बगीच्यात येतो, झाडांमधून फिरतो आणि झाडावरच्या फळाचा सौदा होतो, कधी हजार फळांच्या भावाने, कधी टनाने, कधी अख्ख्या बागेचा ठोक. बोलणी साधारण अशी होतात:

'काकाजी, फळ बारीक हाय यंदा.'

'बारीक कुठं हाय गा? वरचं पाय न. सारा माल वरतं हाय.'

'वरतं हाय, पण डाग किती पायजा. कोळशी चढली हाय पानाइले.'

'कोळशी मागच्या सालीबी होती. तवा तं नेला तू.'

(कोळशी म्हणजे पानांवर धरणारी काळी बुरशी.) असं तासभर चालतं. मग इसार दिला जातो आणि तोडणीची तारीख ठरते. कागद बहुतेक वेळा होत नाही. भाव चढते असले तर सगळं सुरळीत. बाजार पडला की काही व्यापारी इसार सोडून देतात आणि फिरकतच नाहीत, किंवा निम्मं फळ तोडून बारीक माल झाडावरच ठेवून जातात. फळ पिकलेलं असतं, दुसरं गिऱ्हाईक शोधायला हातात दोन-तीन आठवडे असतात. माझ्या मते काटोलच्या शेतकऱ्याचं खरं नुकसान रोगापेक्षाही या दोन-तीन आठवड्यांत होतं. बाजार समितीने बगीच्यातल्या सौद्याची साधी लेखी नोंद सक्तीची केली तरी चित्र बरंच बदलेल.

फळ इतक्या घाईत का विकावं लागतं? कारण नागपुरी संत्रा नाजूक आहे. साल सैल आणि पातळ, म्हणून खायला सोपा, पण तीच साल लांबच्या प्रवासात मार खाते. शीतगृहाबाहेर तो फार टिकत नाही. मग रस का काढत नाहीत, हा प्रश्न प्रत्येक निवडणुकीत विचारला जातो. रस निघतो, पण काढून ठेवला की काही तासांत कडवट होऊ लागतो. फळात, विशेषतः बियांत आणि पाकळीच्या पापुद्र्यात, एक पदार्थ असतो जो रसात उतरल्यावर हळूहळू कडू रूप घेतो. बाटलीबंद रसाचे मोठे कारखाने जगभर ज्या जातींवर चालतात त्या जातीच वेगळ्या आहेत. नागपूरच्या संत्रा उत्पादकांच्या संघातून जन्मलेलं 'नोगा' हे नाव आज राज्याच्या कृषी उद्योग महामंडळाकडे आहे, आणि प्रक्रियेचे इतरही प्रयत्न झाले. पण ताज्या फळाचा बाजार हाच आजही मुख्य बाजार आहे.

आणि तो बाजार दूर आहे. दिल्ली, कोलकाता, दक्षिणेकडची शहरं. अनेक वर्षं सगळ्यात मोठं परदेशी गिऱ्हाईक बांगलादेश होतं. 2019 नंतर त्या देशाने आयात शुल्क टप्प्याटप्प्याने इतकं वाढवलं की तिकडे माल पाठवणं परवडेनासं झालं. तिकडे जाणारा माल देशातल्याच बाजारात राहिला आणि भाव कोसळले. ढाक्यात झालेल्या एका निर्णयाने काटोलच्या दुकानात दिवाळीचा कापड-खप कमी होतो, हे इथल्या दुकानदाराला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

खाली गेलेलं पाणी

या पट्ट्यात पाऊस वर्षाला हजार मिलिमीटरच्या अलीकडे-पलीकडे पडतो. तो कमी नाही. अडचण साठवणीची आहे. बेसाल्टमध्ये पाणी राहतं ते वरच्या झिजलेल्या, सच्छिद्र थरात, साधारण विहिरीच्या खोलीपर्यंत. त्याखाली घट्ट दगड, त्यात मध्येच भेगा. जुन्या पिढीची विहीर वरच्या थरावर चालायची आणि पावसाळ्यात पुन्हा भरायची. बगीचे वाढले, विहिरी आटू लागल्या, मग बोअर आल्या. भेग लागली तर पाणी, नाही लागली तर खर्च मातीत. आणि लागलेलं खोल पाणी लवकर भरून येत नाही. शेजारचा वरुड तालुका भूजल विभागाच्या नोंदीत अतिशोषित म्हणजे भरतं त्याहून जास्त उपसा होणाऱ्या गटात गेला. काटोल-नरखेडातही बोअर वर्षागणिक खोल जात राहिल्या.

2019 च्या उन्हाळ्यात याचा हिशेब समोर आला. काटोल, नरखेड, वरुडकडे उभ्याच्या उभ्या बागा वाळल्या. टँकरने पाणी घालून झाडं जगवायची धडपड झाली. ज्यांची जगली नाहीत त्यांनी ती तोडून सरपण म्हणून विकली. पीक बुडालं तर एक हंगाम जातो, बाग वाळली तर लावल्यापासूनची सगळी वर्षं जातात.

नदी नेहमी कोरडीच असते असंही नाही. याच भागात वर्धा नदीकाठी मोवाड नावाचं छोटं नगरपरिषदेचं गाव आहे. 30 जुलै 1991 च्या पहाटे नदीचा लोंढा गावात शिरला आणि दोनशेवर माणसं गेली. नरखेड-काटोलकडच्या घरांत ती रात्र अजून बोलली जाते. पावसाळ्यात नदीची धास्ती आणि उन्हाळ्यात टँकरची वाट, दोन्ही एकाच मुलखात.

गाव कसं चालतं

संत्र्याचा पैसा वर्षातून दोनदा येतो. ऑक्टोबर-डिसेंबरात आंबियाचा, त्याच वेळी कापसाची पहिली वेचणी आणि दिवाळी. मग मार्च-एप्रिलात मृगाचा, त्याच वेळी हरभरा-गहू आणि लग्नसराई. काटोलचं सराफा दुकान, भांड्यांचं दुकान, दुचाकीचं शोरूम, मंगल कार्यालय या दोन भरतींवर चालतं. जून-जुलैत कृषी केंद्रांच्या पायऱ्या गजबजतात, पण तेव्हा व्यवहार उधारीचा. एकाच माणसाच्या वहीत जूनमध्ये नाव चढतं आणि डिसेंबरात उतरतं. बहार गेला तर ते पुढच्या वर्षावर जातं.

तोडणी आणि छाटणीच्या दिवसांत मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा-बैतूलकडून मजूर येतात. पांढुर्णा, सौंसर हे सीमेपलीकडचे भाग तसेही मराठी बोलणारेच, संत्र्याचेच आणि सोयरिकीचेही. राज्याची सीमा कागदावर आहे, बाजार आणि नाती तिला फारसं मानत नाहीत. 1956 पर्यंत हा सगळा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या एकाच प्रांतात होता.

शिकलेली मुलं नागपूरला जातात, हिंगणा-बुटीबोरीच्या कारखान्यांत, तिथून पुण्याला. रेल्वे आणि रस्ता दोन्ही चांगले असल्यामुळे काही जण रोज ये-जा करतात. त्यामुळे गाव पूर्ण रिकामं झालं नाही, पण बगीच्यात राबणाऱ्यांचं सरासरी वय वाढत चाललंय हे कुणालाही दिसेल.

एक गोष्ट संत्र्याशी संबंध नसलेली, पण सांगितलीच पाहिजे. 22 मे 2012 च्या दुपारी काटोल आणि आसपासच्या गावांवर आभाळातून दगड पडले. मोठा आवाज झाला आणि उल्केचे तुकडे वावरांत, घरांजवळ विखुरले. जगातल्या वैज्ञानिकांना आज काटोल माहीत आहे ते या उल्केमुळे. 2021 मध्ये आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी तिच्यात ब्रिजमनाइट नावाचं खनिज दाखवून दिलं. पृथ्वीच्या पोटात ते सगळ्यात जास्त आहे, पण इतक्या खोलवर की तिथपर्यंत कुणाचाही हात पोचत नाही. त्याचा एक नमुना मिळाला तो काटोलच्या वावरात.

आता काय लावतात

वाळलेल्या बागांच्या जागी आता काय दिसतं? काही ठिकाणी सोयाबीन-तूर परत आलं. काहींनी मोसंबी घेतली, कारण तिची साल घट्ट, ती प्रवासात टिकते. पण बरेच जण पुन्हा संत्राच लावतात, पद्धत मात्र बदलून. सपाट जमिनीऐवजी उंच गादीवाफे, म्हणजे पावसाचं पाणी बुंध्याशी थांबत नाही आणि डिंक्या कमी होतो. सहा बाय सहाऐवजी सहा बाय तीन मीटर, म्हणजे हेक्टरी साडेपाचशे झाडं. पाटपाण्याऐवजी पहिल्या दिवसापासून ठिबक. खुंटाचा, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधतात त्याचा, विचारही होऊ लागलाय. पूर्वी सरसकट जंबेरी लिंबावर डोळा बांधलेली कलमं घ्यायचे. आता जमीन पाहून रंगपूर लिंबाच्या खुंटावरचीही मागतात, कारण काही जमिनींत ते डिंक्याला आणि पाण्याच्या ताणाला बरे तोंड देतं.

झाडं दुप्पट झाली तर पाण्याची गरजही वाढणार, हा साधा प्रश्न मात्र या उत्साहात मागे पडतो. ठिबकने वाचलेलं पाणी शेतकरी विहिरीत ठेवत नाही, त्यावर आणखी अर्धा एकर लावतो. यात त्याला दोष देता येत नाही. शेजारी उपसत असताना एकट्याने राखलेलं पाणी त्याच्या वाट्याला राहत नाही, भूजलाला धुरा, म्हणजे बांध, नसतो. म्हणून किती झाडं लावायची हे एकेका शेतकऱ्याने नव्हे, एका नाल्याचं पाणी पिणाऱ्या सगळ्या वावरांनी मिळून ठरवायला हवं, असं मला ठामपणे वाटतं. नाल्यांचं खोलीकरण, शेततळी, पुनर्भरणाच्या विहिरी ही कामं काही गावांत झाली आहेत. उपशाची मर्यादा ठरवण्याची बोलणी अजून क्वचितच होतात. आणि वरुड तालुक्यातल्या शेंदुरजनाघाटच्या रोपवाटिकांतून येत्या पावसाळ्यात ज्या गाड्या कलमं घेऊन काटोलकडे येतील, त्यांतल्या झाडांना भरीचं फळ धरायला पाच-सहा वर्षं लागतील. तेव्हाच्या मे महिन्यात त्यांना रोज किती पाणी लागेल हे आजच मोजता येतं.